फिल्टर, शोध आणि क्रमवारी: वेब ॲप्लिकेशनमधल्या नोंदींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे बहुतेक पुणेकर आहेत. कुणी पेठेतल्या वाचनालयाचं काम बघतं, कुणी सोसायटीच्या सभासदांची यादी सांभाळतं, कुणी क्लासची किंवा दवाखान्याची छोटी ॲप्लिकेशनं लिहून देतं. उदाहरणंही म्हणून इथलीच घेतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी ती आहे. पडद्यावर "नोंद सापडली नाही" असं आलं की काउंटरवरचा माणूस समोरच्याला "तुमचं नाव नाहीये" असं सांगतो. त्या दोन वाक्यांच्या अर्थात खूप अंतर आहे आणि ते भरून काढणं हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याचं काम आहे.

१. फिल्टर, सर्च आणि सॉर्ट यांत नेमका फरक काय? तिन्हींनी यादीच बदलते ना?

फिल्टर म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवड: शाखा कोथरूड, वर्गणी थकलेली, वर्ष २०२४. उत्तर ठाम असतं. नोंद बसते किंवा बसत नाही. सर्चमध्ये माणूस स्वतःच्या शब्दांत काहीतरी टाइप करतो आणि त्याला काय हवंय याचा अंदाज आपल्याला बांधावा लागतो. सॉर्ट फक्त क्रम लावतो. त्याने एकही नोंद कमी किंवा जास्त होता कामा नये.

काम याच क्रमाने व्हायला हवं: आधी फिल्टर आणि सर्च, मग सॉर्ट, आणि सगळ्यात शेवटी पानं पाडणं. हा क्रम उलटला की विचित्र प्रकार होतात. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे कॉलमच्या मथळ्यावर क्लिक केल्यावर फक्त समोरच्या पानावरच्या २० ओळींची उलथापालथ होणं. "सर्वात जास्त थकबाकी" म्हणून जी ओळ वर येते ती त्या २० जणांतली असते, सगळ्या सभासदांतली नसते.

२. हे सगळं ब्राउझरमध्ये करावं की सर्व्हरवर?

ऐंशी फ्लॅटची सोसायटी असेल तर सगळी यादी एकदाच पाठवा आणि ब्राउझरमध्येच फिरवा, झटपट चालतं. नोंदी काही हजारांच्या पुढे गेल्या किंवा यादी पानांत विभागली असेल तर सर्व्हरवरच करा. मात्र कुणाला कोणत्या नोंदी दिसाव्यात हा फिल्टर नेहमीच सर्व्हरवर हवा. त्याचं कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

३. दोन-तीन फिल्टर एकदम लावले तर "आणि" धरायचं की "किंवा"?

एकाच कॉलमचे पर्याय असतील तर "किंवा", वेगवेगळ्या कॉलमांचे असतील तर "आणि". "कोथरूड" आणि "औंध" दोन्हींवर टिक केली आणि सोबत "थकबाकी आहे" निवडलं, तर माणसाला कोथरूड किंवा औंध या शाखांमधले थकबाकीदार हवे असतात. सांगावं न लागता सगळे असंच समजतात.

घोळ होतो तो क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिताना. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, "अँड" (आणि) हा "ऑर"पेक्षा (किंवा) आधी बांधला जातो. कंस दिला नाही तर "कोथरूडचे सगळे, शिवाय औंधचे थकबाकीदार" असा अर्थ निघतो आणि कोथरूडच्या ज्यांनी वेळेत पैसे भरलेत त्यांनाही आठवणीचा मेसेज जातो. "ऑर"भोवती कंस ही सवयच लावून घ्या.

४. काल नोंद दिसत होती, आज यादीत नाही. डिलीट झाली का?

बहुतेक वेळा नाही. आधी कुणीतरी लावलेला फिल्टर तसाच राहिलेला असतो. म्हणून लागू असलेले फिल्टर यादीच्या डोक्यावर ठळक दिसले पाहिजेत, प्रत्येकाशेजारी फुली आणि एक "सगळे काढा" बटण हवं. निकाल शून्य आला तर पडद्यावर कोरडं "नोंद सापडली नाही" लिहू नका. "शाखा: कोथरूड, स्थिती: चालू या अटींत 'गोखले' सापडले नाहीत. सर्व शाखांत शोधायचं?" असं लिहा. एवढ्या एका ओळीने काउंटरवरचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

दुसरं कारण म्हणजे नोंद खरंच काढून न टाकता तिच्यावर "रद्द" अशी खूण केलेली असते आणि नेहमीची यादी अशा नोंदी लपवते. अधिकार असलेल्याला "रद्द नोंदीही दाखवा" असा पर्याय द्या.

५. फिल्टर लावलेल्या यादीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवता येईल का?

यायलाच हवी. फिल्टर, शोधशब्द, क्रम आणि पान या गोष्टी पत्त्याच्या ओळीत ठेवल्या की लिंक पाठवता येते, बुकमार्क करता येते आणि "मागे" बटण शहाण्यासारखं वागतं. फिल्टर बदलला की पान क्रमांक पुन्हा १ करायला विसरू नका. नाहीतर माणूस सातव्या पानावर असतो, नव्या निकालाची तीनच पानं असतात आणि समोर कोरी यादी येते.

मोबाइल नंबर, आधार क्रमांक, आजाराचं नाव अशा गोष्टी मात्र पत्त्याच्या ओळीत येऊ देऊ नका. ती ओळ ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहून जाते.

६. नावाचा मधला तुकडा शोधला की ॲप्लिकेशन रेंगाळतं. असं का?

जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत "गोख"ने सुरू होणारी नावं लगेच काढता यायची. पण "ज्यांच्या नावात कुठेतरी 'खल' आहे" असं विचारलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं वाचावी लागली असती. नेहमीचा इंडेक्स, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती क्रमवार सूची, असाच असतो. "लाइक" या नमुना जुळवणाऱ्या अटीत शेवटी टक्क्याचं चिन्ह ("इथे काहीही चालेल") असेल तर इंडेक्स कामी येऊ शकतो, सुरुवातीलाच असेल तर डेटाबेस प्रत्येक ओळ तपासतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सुरुवातीच्या अक्षरांवरच्या शोधालाही इंडेक्स लागू पडावा म्हणून कोलेशन, म्हणजे क्रम लावायची पद्धत, "सी" असावं लागतं किंवा मजकुराच्या नमुन्यांसाठीचा वेगळा ऑपरेटर वर्ग देऊन इंडेक्स बनवावा लागतो.

मधले तुकडे शोधायचेच असतील तर पोस्टग्रेसमध्ये ट्रायग्रॅम एक्स्टेंशन आहे. ते शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून त्यांचा इंडेक्स ठेवतं. मराठीसाठी ते वापरण्याआधी डेटाबेसचं लोकेल (भाषेची सेटिंग) "सी" नाही ना हे बघून घ्या. असेल तर देवनागरी अक्षरं त्याला अक्षरं वाटतच नाहीत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेतला फुल-टेक्स्ट (शब्दांवरचा) इंडेक्स मूळ सेटिंगला ३ चिन्हांपेक्षा छोटे शब्द घेत नाही. त्याचा एनग्रॅम पार्सर मजकुराचे सलग तुकडे करतो, त्यांची मूळ लांबी २ आहे.

आता पुण्याचा खास अडथळा: "ओक" हे आडनाव. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, ती फक्त दोन चिन्हं आहेत. मधला तुकडा शोधताना तीन चिन्हांच्या हिशेबात ओक मंडळी बसत नाहीत, आणि पुण्यात ओक कमी नाहीत. छोट्या शब्दांसाठी आडनावाच्या कॉलमवर "सुरुवात अशी होते" असा सरळ शोध वेगळा ठेवा.

७. मग सगळ्याच कॉलमांवर इंडेक्स टाकून ठेवला तर?

नको. प्रत्येक नवी नोंद घालताना आणि बदलताना ते सगळे इंडेक्स सुधारावे लागतात. लोक रोज कोणते फिल्टर लावतात ते बघा आणि त्या जोड्यांसाठी इंडेक्स करा. "शाखा अमुक, नवीन सभासद आधी" अशी यादी रोज उघडत असेल तर शाखा आधी आणि प्रवेशाची तारीख नंतर असा एकत्र इंडेक्स करा. ज्या कॉलमवर "बरोबर इतकं" अशी अट असते तो पुढे, ज्यावर क्रम किंवा कालावधी असतो तो मागे. कॉलमवर फंक्शन लावून तुलना केलीत तर साधा इंडेक्स लागू पडत नाही, त्या फंक्शनच्या निकालावरच इंडेक्स करावा लागतो.

८. "कऱ्हाडे" आडनाव यादीत डोळ्यांनी दिसतंय, पण शोधल्यावर सापडत नाही. हे कसं?

हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो आणि त्याचं उत्तर अक्षरशः अक्षरात आहे.

"ऱ्ह"मधला र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि हलन्त वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेससाठी मात्र दोन वेगळे शब्द. एका कारकुनाने घरच्या लॅपटॉपवर नोंद केली, दुसऱ्याने मोबाइलवर शोधली, आणि कऱ्हाडे आजोबांना नवीन सभासद फॉर्म भरायला लागला. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे या सगळ्यांची हीच कथा.

"ॲ"चंही तसंच. ॲ हे स्वतंत्र चिन्ह, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या आणि कित्येक नंतरच्याही नोंदींत तेच अक्षर अ आणि वर चंद्र असं दोन चिन्हांत असतं, कधी मध्ये ते अदृश्य जोडचिन्हही असतं, आणि हिंदी कीबोर्डवरून आलेलं असेल तर चक्क ऍ असतं. वकिलांच्या यादीत "ॲड." शोधून अर्धेच वकील का येतात ते यावरून कळेल.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बरोबर आहे, पण पुरेसा नाही. र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ होतो एवढं नॉर्मलायझेशनला समजतं. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फंक्शनही आहे. अदृश्य जोडचिन्हवाला र किंवा दोन तुकड्यांतला ॲ मात्र ते एक करत नाही. ते नियम आपणच लिहायचे.

माझी पद्धत अशी. मूळ नाव लोकांनी लिहिलंय तसंच ठेवते आणि शेजारी "शोधकी" नावाचा दुसरा कॉलम ठेवते. त्यात अदृश्य चिन्हं काढलेली, सगळे ऱ साध्या र मध्ये उतरवलेले, सगळे ॲ एका रूपात, दोन शब्दांमधली जास्तीची मोकळी जागा एकच केलेली. शोधताना टाइप झालेल्या शब्दावरही तेच नियम चालवायचे आणि की ची की शी तुलना करायची. यात "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" शोधापुरते एक होतात. शोधात ते चालतं. दाखवताना, छापताना मात्र कधीही शोधकी वापरू नका. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच दिसलं पाहिजे.

९. पाटील-पाटिल, शिंदे-शिन्दे, कुलकर्णी-कुळकर्णी हे एकत्र कसे सापडतील?

प्रश्न ८ मधल्या शोधकीतच आणखी नियम घाला: ह्रस्व-दीर्घ एक करा, अनुस्वार आणि त्याजागी येणारे न्, म्, ण् एक करा, ष चा श करा. "डॉ.", "श्री.", "सौ.", "ॲड." नावाच्या सुरुवातीला असतील तर कीमधून वगळा.

ल आणि ळ एक करायचे की नाही यावर थांबून विचार करा. कुलकर्णी आणि कुळकर्णी जवळ येतात हे खरं, पण काळे आणि काले वेगळी माणसं आहेत. मी दोन पायऱ्या ठेवते: हुबेहूब जुळणारे वर, सैल नियमाने जुळणारे त्याखाली, आणि मध्ये "मिळतीजुळती नावं" अशी ओळ. निर्णय मग माणूस घेतो.

१०. बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात, नोंदी मराठीत आहेत. काय करावं?

दोन्ही रूपं साठवा. रोमन लिपीतलं नाव मराठीवरून तयार करून घेऊ नका. ते त्या व्यक्तीच्या ओळखपत्रावर आहे तसं विचारून घ्या. एकाच आडनावाची रोमन स्पेलिंग घराघरांत वेगळी असतात आणि कागदपत्रांच्या दृष्टीने त्यातलं प्रत्येक स्पेलिंग खरं असतं. तयार केलेलं रूप फक्त शोधकीसाठी, तेही जादाचं म्हणून.

साउंडेक्सबद्दल, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एकत्र आणणाऱ्या पद्धतीबद्दल, पुष्कळ जण विचारतात. त्याचं पेटंट १९१८ सालचं, घडण इंग्रजी उच्चारांसाठी. देवनागरीवर ते चालत नाही, आणि रोमन लिपीतल्या मराठी आडनावांना ते इतकं ढोबळ पडतं की नको ती नावं पुढ्यात येतात.

११. पत्त्यावरून शोधताना इतका गोंधळ का होतो?

कारण पुण्यात एका जागेला अनेक नावं आहेत आणि एका नावाच्या अनेक जागा. फर्ग्युसन रस्ता, एफ. सी. रोड, गोखले पथ हे एकच. जंगली महाराज रस्ता कुणी जे. एम. रोड लिहितं. विद्यापीठाचं नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पण जुन्या अर्जांवर नुसतं "पुणे विद्यापीठ" आहे. याला उपाय म्हणजे समानार्थी नावांचं एक छोटं टेबल. ते संगणकाने नव्हे, तो भाग माहीत असलेल्या माणसाने भरायचं.

उलट बाजूला, नुसतं "वडगाव" शोधलं तर वडगाव शेरी येतं, वडगाव बुद्रुक येतं आणि मावळातलं वडगावही येतं. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द तर शेजारीच. त्यात लिहिण्याच्या तऱ्हा: बु., बुद्रुक, बुद्रूक. इथे सैल शोधापेक्षा फिल्टर बरा. गाव किंवा भाग हा यादीतून निवडायचा वेगळा कॉलम करा आणि पिनकोड दुसरा. सदाशिव पेठेसाठी ४११०३०, कोथरूडसाठी ४११०३८ हे टाइप करायला सोपं आणि चुकायला अवघड.

"महापालिका हद्दीतले सभासद" असा फिल्टर पत्त्याच्या मजकुरावरून कधीच करू नका. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, जुन्या पत्त्यांवर अजूनही "ता. हवेली" एवढंच असतं. हद्द बदलू शकते, म्हणून ती भागांच्या टेबलात तारखेसकट ठेवा.

१२. जुन्या फायलींतलं मराठी कॉपी केलं तर शोध काहीच दाखवत नाही.

तो मजकूर बहुधा युनिकोड नाही. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमच्या काळातल्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत; फॉन्ट काढला की खालची निरर्थक रोमन अक्षरं उघडी पडतात. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. जास्तीत जास्त चुका तिथेच होतात. न तपासता थेट डेटाबेसमध्ये ओतू नका.

१३. मराठी नावांचा अकारविल्हे क्रम चुकीचा का लागतो?

कारण काहीच सांगितलं नाही तर डेटाबेस चिन्हांच्या युनिकोड क्रमांकावर जाऊ शकतो. त्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. त्यामुळे कालेकर, कावरे, काशीकर, काळे असं हवं असताना कालेकर, काळे, कावरे, काशीकर असं येतं. क्षीरसागर हे कौ नंतर आणि ख च्या आधी घुसतात. ॲ तर क्रमांकाने इतका मागे आहे की "ॲ"ने सुरू होणारी सगळी नावं ह च्याही खाली, यादीच्या तळाला जातात.

पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १०व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीची कोलेशन्स मिळतात, त्यांत मराठीसाठीचंही आहे. "ऑर्डर बाय"मध्ये, म्हणजे क्वेरीच्या क्रम सांगणाऱ्या भागात, ते नावानिशी द्या. ब्राउझरमध्ये क्रम लावत असाल तर जावास्क्रिप्टच्या कोलेटरला भाषा मराठी सांगा. इतर ठिकाणी, शोधकीसारखीच एक "क्रमकी" ठेवा. तिच्यात प्रत्येक अक्षराऐवजी आपल्या वर्णमालेतला त्याचा क्रमांक असतो. काहीही वापरलंत तरी वरची चार आडनावं, एक क्षीरसागर आणि एक ॲ घालून तपासा. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज मध्ये, याबाबत कोशांमध्येही एकमत नाही. संस्थेने एकदा ठरवावं आणि छापील यादीत व पडद्यावर तेच पाळावं.

१४. क्रम नावावरून लावावा की आडनावावरून?

तुमच्या लोकांना ज्या क्रमाने यादी वाचायची सवय आहे त्यावरून. हजेरीपट, मतदार यादी, वाचनालयाची खातेवही बघून मोठी झालेली माणसं आडनाव आधी शोधतात. आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव हे तीन वेगळे कॉलम ठेवा. शोधताना मात्र शब्दांचा क्रम सक्तीचा करू नका: "सुनीता जोशी" आणि "जोशी सुनीता" दोन्हींना एकच उत्तर यावं. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे जुळवा आणि मध्ये "आणि" धरा.

१५. फ्लॅट नंबर १० हा २ च्या आधी येतो.

कॉलम मजकुराचा आहे, म्हणून १ हे चिन्ह २ च्या आधी. विंग आणि नंबर वेगळे करा, नंबर अंकात ठेवा. "बी-१२ए" असले प्रकार असतील तर क्रमासाठी पुढे शून्यं भरलेली वेगळी की करा.

याच्या उलट चूक फोन नंबरची. तो अंक म्हणून साठवला की पुण्याच्या ०२० मधलं पहिलं शून्य उडतं. ज्याची बेरीज करायची नसते ते मजकूर म्हणून ठेवा. कुणी पिनकोड देवनागरी आकड्यांत टाइप करतं, कुणी इंग्रजी. ते वेगळे चिन्ह-क्रमांक आहेत. नोंद घेतानाच एका रूपात आणा.

१६. ज्यांची माहिती भरलेली नाही ते कधी वर, कधी खाली. आणि कधी गायबच. का?

भरलेलं नाही, म्हणजे "नल", हे लहान की मोठं यावर डेटाबेसांचं एकमत नाही. पोस्टग्रेस आणि ओरॅकल नल सर्वांत मोठा मानतात, म्हणून चढत्या क्रमात ते तळाला. मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, एसक्यूएल सर्व्हर लहान मानतात, म्हणून वर. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूलाइटच्या ३.३० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये "नल्स लास्ट" लिहून हवं ते सांगता येतं. माझं मत: दोन्ही दिशांना तळालाच ठेवा, कोरी नोंद कुणालाच आधी बघायची नसते.

गायब होण्याचा प्रकार जास्त गंभीर आहे. "वर्ग मानद नाही" अशी अट लावली की ज्यांचा वर्गच भरलेला नाही तेही निघून जातात, कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते. "नॉट इन"च्या ("या यादीत नसलेले") यादीत एक जरी नल असला तरी निकाल शून्य ओळी. तिथे "नॉट एक्झिस्ट्स" वापरा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या फिल्टरमध्ये "माहिती भरलेली नाही" हा पर्याय स्वतंत्र द्या.

१७. १ ते ३१ मार्च निवडलं, तरी ३१ तारखेच्या पावत्या येत नाहीत.

कॉलममध्ये वेळही आहे. "३१ मार्च" याचा अर्थ डेटाबेस ३१ तारखेचे रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं असा घेतो आणि दिवसभराच्या पावत्या बाहेर राहतात. "बिट्वीन" (या दोन तारखांच्या दरम्यान) सोडा. "१ मार्च किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी" असं लिहा. महिना २८ चा असो की ३१ चा, हे कायम बरोबर येतं.

दुसरा खड्डा: सर्व्हर जागतिक वेळेत नोंद ठेवतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५.३० दरम्यान ऑनलाइन भरलेली फी आदल्या तारखेत पडते. १ एप्रिलला रात्री १२.१० ला भरलेले पैसे असे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात आणि ताळेबंद जुळत नाही. साठवा जागतिक वेळेत, पण फिल्टरच्या दोन्ही टोकांच्या तारखा भारतीय वेळेवरून रूपांतर करूनच क्वेरीत द्या.

१८. एकच नोंद पहिल्या पानावर आणि दुसऱ्याही पानावर दिसते.

दोन वेगळी कारणं असतात. पहिलं: क्रम अपुरा आहे. एकाच तारखेच्या पन्नास नोंदी असतील तर त्यांचा आपसातला क्रम डेटाबेस दर वेळी वेगळा देऊ शकतो. "ऑर्डर बाय"च्या शेवटी नोंद क्रमांक जोडला की क्रम पक्का होतो. तुम्ही वाचत असताना वर नवीन नोंदी येत असतील तर "ऑफसेट"ऐवजी ("इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या") "या तारखेच्या व या क्रमांकाच्या पुढच्या २०" असं मागा. खोलवरच्या पानांसाठी ते वेगवानही पडतं, कारण ऑफसेट आधीच्या सगळ्या ओळी वाचून फेकून देतो.

दुसरं: नोंद एकाच पानावर दोनदा दिसत असेल तर जोडलेल्या टेबलाचा परिणाम. सभासदाने तीन पुस्तकं नेली आहेत आणि तुम्ही पुस्तकांच्या टेबलाशी जोडून फिल्टर केलंत, तर तो तीनदा येतो. वरून "डिस्टिंक्ट" ("सारख्या ओळी एकदाच") लावणं ही मलमपट्टी आहे. "अशी एखादी नोंद अस्तित्वात आहे का" असं "एक्झिस्ट्स"ने विचारा.

१९. क्वेरीत मूल्यं बाइंड करतो (मजकुरात न चिकटवता वेगळी पाठवतो), म्हणजे सुरक्षित आहोत ना?

मूल्यांपुरते. "ऑर्डर बाय"मध्ये कॉलमचं नाव बाइंड होत नाही, म्हणून तिथे लोक ब्राउझरकडून आलेला मजकूर थेट चिकटवतात आणि घुसखोरीला दार उघडं राहतं. परवानगी असलेल्या कॉलमांची ठरीव यादी ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा. चढता-उतरता याचंही तसंच. शोधशब्दात टक्का किंवा खालची रेघ आली तर तिचा "लाइक"मधला खास अर्थ काढून टाका. नाहीतर "५०% सवलत" शोधणाऱ्याला भलतंच मिळतं.

आणखी एक गळती सहज नजरेतून सुटते. पगाराचा कॉलम लपवला, पण त्यावर सॉर्ट करायला मुभा राहिली, तर कोण कोणाच्या वर आहे हे कळतंच. त्यावर फिल्टर चालत असेल तर "इतक्यापेक्षा जास्त" असं दोन-चारदा विचारून आकडाही काढता येतो. जो कॉलम बघायचा अधिकार नाही, त्यावर फिल्टर, शोध आणि क्रम यांचाही अधिकार नको, आणि ही तपासणी सर्व्हरवरच हवी.

२०. टाइप करता करता निकाल दाखवतो, पण कधीकधी जुनाच निकाल राहतो.

"जो"चं उत्तर "जोशी"च्या उत्तरानंतर पोचलं. नवी विनंती गेली की जुनी रद्द करा किंवा तिचं उत्तर टाकून द्या. प्रत्येक कळीला विनंती पाठवू नका. सुमारे ३०० मिलिसेकंद थांबून पाठवा. मराठी कीबोर्डवर जोडाक्षर पूर्ण व्हायच्या आत शोध सुटू नये, म्हणून शब्द जुळवणं चालू असल्याचा ब्राउझरचा इशारा संपेपर्यंत वाट बघा.

२१. एक्सेलमध्ये उतरवताना फक्त समोरचं पान उतरतं.

उतरवायची ती फिल्टरमध्ये बसणारी सगळी यादी, त्याच क्रमाने, आणि बटणावर आकडा लिहा: "३४२ नोंदी उतरवा". प्रश्न १९ मधले अधिकार इथेही लागू. सीएसव्ही फाइल युटीएफ-८ मध्ये देताना सुरुवातीला बाइट-ऑर्डर चिन्ह (फाइल युनिकोड आहे असं सांगणारं अदृश्य चिन्ह) घाला, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीचा चुराडा होऊ शकतो.

२२. लोकांनी काय शोधलं आणि काय सापडलं नाही, याची नोंद ठेवावी का?

जरूर ठेवा. शून्य निकाल आलेले शब्द दर महिन्याला वाचले की शोधकीत कोणता नियम कमी आहे, समानार्थी टेबलात कोणत्या रस्त्याचं नाव राहिलंय ते आपोआप कळतं. कुणी "बर्हाटे" टाइप करून परत गेलं आणि लगेच "बऱ्हाटे" टाइप केलं, ही जोडी सोन्यासारखी असते.

पण त्या शब्दांत माणसांची नावं आणि नंबर असतात, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ त्यांना वैयक्तिक माहितीच मानतो. कोणी शोधलं ते नोंदवू नका, फोन नंबरसारखे दिसणारे शब्द गाळून टाका, आणि नियम सुधारून झाले की ती यादी पुसा.